ट्रेलरचं पोट

फॉर्म दोन पानी आहे, काउंटीच्या बालकल्याण कार्यालयाचा. प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ सोडलेली. त्याची प्रत आमच्या फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावली आहे. तिच्यावरची उत्तरं खरी आहेत, पण ओळीत मावली तेवढीच. उरलेली इथे लिहितो.

घरात राहणाऱ्या व्यक्ती

फॉर्मवर: एक. मंजुरी मिळाल्यास दोन.

एक म्हणजे मी, वेंडेल. दुसरी मारिट, माझी मुलगी, वय नऊ. तिची आई एप्रिलमध्ये गेली तेव्हा मी इथे तेलाच्या विहिरींवर पाण्याचा टँकर चालवत होतो आणि टँकरच्याच केबिनमध्ये झोपत होतो. केबिनमध्ये मूल ठेवता येत नाही, हे काउंटीने मला सांगायची गरज नव्हती. मारिटला मायनॉट शहरातल्या एका कुटुंबाकडे ठेवलं. भली माणसं. त्यांनी तिला स्केटिंग शिकवलं, तिच्या आईचा फोटो स्वतःच्या दिवाणखान्यात लावला.

दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न एकच.

"बाबा, झालं का घर?"

"होतंय गं."

ऑक्टोबरात घर झालं. डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, दोन वाजता, तपासणी ठरली. पास झालो तर शनिवारी मारिट घरी. नाही तर पुढची तारीख मार्चमध्ये.

निवासाचा प्रकार

फॉर्मवर: ओढून नेण्याजोगा ट्रेलर, अठ्ठावीस फूट.

ओढून कुठे नेणार? चाकं ठोकळ्यांवर आहेत आणि भोवती घागरा आहे. घागरा म्हणजे जमिनीपासून ट्रेलरच्या कमरेपर्यंत फोमच्या पाट्या, त्यांना टेकून गव्हाच्या काडाचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर थापलेला बर्फ. बर्फ पडला की लोक फावड्याने बाजूला सारतात, आम्ही फावड्याने घराला लावतो.

घागरा एकट्याने घालता येत नाही. पाट्या धरायला एलिसेओ होता. तो शेजारच्या ट्रेलरमध्ये राहतो, वेल्डर आहे, टेक्सासच्या पार दक्षिण टोकाचा. त्याने पहिला बर्फ पाहिला तो इथेच, तीन वर्षांपूर्वी. गठ्ठे अर्दिसबाईंच्या शेतातले. ट्रेलर उभे आहेत ती जागा त्यांचीच. वय चौऱ्याहत्तर. गठ्ठ्यांचे पैसे विचारले तर म्हणाल्या, "वसंतात परत दे. उंदरांसकट."

पाळीव प्राणी

फॉर्मवर: नाही. (वरचा परिच्छेद पाहा.)

घर गरम ठेवण्याची सोय

फॉर्मवर: गॅसची भट्टी. समाधानकारक.

इथे माझी चूक आहे, आणि ती नीट सांगायला हवी.

ट्रेलरला पोट असतं. जमिनीच्या फळीखाली एक बंद पोकळी, तिच्यात टाक्या आणि पाण्याचे सगळे पाईप. भट्टी पेटली की तिची गरम हवा वर खोलीत येते, आणि थोडी खाली पोटात जाते. त्या थोड्या हवेवर पाईप जगतात. एवढं मला माहीत होतं. निदान कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

बुधवारी संध्याकाळी थंडी उणे तीसच्या खाली गेली. मारिटच्या बिछान्याकडची भिंत मी हाताने चाचपली. गार होती. स्क्रूच्या डोक्यांवर पांढरे ठिपके धरले होते. उद्या तपासणीची बाई इथेच हात लावणार, असं मनात आलं. उठलो, गावात गेलो, विजेचा हीटर आणला आणि तिच्या बिछान्यापाशी लावला. तासाभरात खोली अशी उबदार झाली की मी अंगातला स्वेटर काढला. स्क्रूवरचे ठिपके वितळून भिंतीवरून ओघळले, ते मी तिच्याच टॉवेलने पुसले. भट्टीचा आवाज बंद झाला होता. मला वाटलं, वा, गॅसही वाचला.

भट्टी का पेटेल? खोली गरम आहे, असं थर्मोस्टॅट तिला सांगत होता. ती रात्रभर झोपली, मीही झोपलो. पोटाला मात्र कोणी विचारलं नाही.

पाणी: चालू / बंद (एकावर खूण करा)

फॉर्मवर: इथे दोन्हींवर खूण आहे, एक खोडलेली.

गुरुवारी सकाळी आठ वाजता कॉफीसाठी नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि गप्प झाला. बाथरूमचा नळ सोडला. त्याने उसासाही टाकला नाही.

मी दिवसाला शंभर पिंपं पाणी वाहतो. सिंकपुढे उभा राहून रिकाम्या भांड्याकडे किती वेळ पाहत होतो कोण जाणे. मग अंगातल्या बनियनवरच बाहेर पडलो आणि एलिसेओचं दार वाजवलं.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भावा, समुद्रावर चाललास का?"

"पाणी गेलं."

"आज? ती बाई यायची आज?"

"दोन वाजता."

तो आत वळला. रात्रपाळी करून तासाभरापूर्वीच आला होता, बूटही काढले नव्हते. आतून हेअर ड्रायर आणला. तो बायकोचा, गुलाबी, तिने टेक्सासहून मुद्दाम पाठवलेला. केसांसाठी नाही, पाईपांसाठी.

तेवढ्यात अर्दिसबाई आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. या थंडीत कोणी बनियनवर अंगण ओलांडलं तर त्यांना ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. माझ्या घरात शिरल्या, टोपी काढली, हीटरकडे पाहिलं. मग वाकून तळहात जमिनीवर ठेवला.

"वर उन्हाळा, पोटात बर्फ," त्या म्हणाल्या. "हा डबा कधी आणलास?"

"काल. मारिटची भिंत गार लागत होती, म्हणून..."

"मोठा शहाणा. पोरीचे गाल शेकायला पाय कापून चुलीत घातलेस."

हीटरची पिन त्यांनीच उपटली. थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवला. भट्टी खोकली आणि पेटली. मग त्यांनी ट्रेलरचं दार सताड उघडलं आणि खालून बर्फाचं एक ढेकूळ लावून ठेवलं.

"बाई, उणे तीस आहे!"

"म्हणूनच. खोली गरम झाली की भट्टी झोपते. तिला आज झोपू द्यायचं नाही. तुला गार वाजलं तरी चालेल, पोट शेकलं पाहिजे. नळ उघडे ठेव सगळे. आणि काहीतरी घाल अंगात, तुझं पोट बघायला नाही आले मी."

एलिसेओ घागऱ्यातला एक गठ्ठा काढून खाली सरपटला. पोटाचा पत्रा एका कोपऱ्यात सोडवून त्याने सिंकखालच्या वळणावर ड्रायर धरला. मी दुसऱ्या बाजूने, टाकीपाशी, गरम पाण्यात भिजवलेली फडकी घेऊन. पाणी अर्दिसबाईंच्या घरून यायचं, किटलीतून. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने त्या दिवशी अंगण किती वेळा ओलांडलं, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

बारा वाजता भट्टी बंद पडली. गॅस संपला होता. गॅसची गाडी येणार ती शुक्रवारी.

मी पत्र्याखाली आडवाच राहिलो. पहिल्यांदा वाटलं, जाऊ दे, मार्च तर मार्च. हे मी मोठ्याने बोललो असणार, कारण पलीकडून एलिसेओचे बूट सरकत बाहेर गेले. पाच मिनिटांनी बर्फावरून लोखंड ओढत आणल्याचा आवाज आला. तो त्याचा स्वतःचा सिलिंडर होता, भरलेला.

"आणि तुझ्याकडे काय?"

"मी पाणी सोडून दिलं सगळं. नळ रिकामे. एक दिवस अंघोळ नाही केली तर काय होतं?"

"वास येतो."

"कोणाला? नाकं गोठलीत सगळ्यांची."

भट्टी पुन्हा पेटली.

तपासणीच्या वेळी घरातील तापमान

फॉर्मवर: चार अंश. त्यापुढे तपासणीच्या बाईंच्या अक्षरात: कारण समजले.

दोनला पाच मिनिटं कमी असताना त्या आल्या. मिसेस हॉव्हलंड. त्यांना काय दिसलं असेल ते मी पुष्कळदा मनाशी पाहिलं आहे. दार सताड उघडं. उंबऱ्यात बर्फाचं ढेकूळ. घागऱ्याखालून बाहेर आलेले चार पाय, दोन वेगवेगळ्या दिशांना. आणि पायरीवर ओव्हनचे जाड हातमोजे घातलेली म्हातारी, हातात खिमा-बटाट्याचं भाजलेलं पातेलं, जे इथे लग्नालाही येतं आणि मयतालाही.

"वेंडेल कोण?" त्यांनी विचारलं.

"डावीकडचे पाय," अर्दिसबाई म्हणाल्या.

मी सरपटत बाहेर आलो. दाढीवर काड चिकटलेलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"पाणी नाही," मी म्हणालो. "काल होतं. माझ्याच हाताने गेलं. मी तिच्या बिछान्यापाशी हीटर लावला."

मिसेस हॉव्हलंड दाराकडे पाहत होत्या. मग भट्टीचा आवाज ऐकला, मान तिरकी करून, डॉक्टर छाती ऐकतो तशी.

"पोट गोठलं?"

"हो."

"किती वेळ झाला शेकताय?"

"सकाळपासून."

"आम्ही लहान असताना अशाच डब्यात राहायचो," त्या म्हणाल्या. "वडील दर वर्षी एकदा हीच चूक करायचे. दर वर्षी." मग घड्याळ पाहिलं. "वादळ येतंय, चारला रस्ता बंद करणार आहेत. त्याआधी मला निघावं लागेल. नळाला पाणी असल्याशिवाय मी सही करू शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण फॉर्म कुठून भरायला सुरुवात करायची, ते माझ्या हातात आहे."

आणि त्या कोट न काढता टेबलाशी बसल्या. पातेल्यातलं वाढून घेतलं. पेनची शाई गोठली होती, ती काखेत धरून वितळवली. पाण्याचा रकाना सोडून बाकी सगळे भरत गेल्या.

अडचणीच्या वेळी मदतीला येणाऱ्या व्यक्ती (किमान एक)

हा प्रश्न मी आधीच पाहिला होता. फॉर्मचा नमुना टपालाने आला होता आणि त्यात ही ओळ मी कोरी ठेवली होती. बायको गेली. भाऊ ओरेगनला, बोलणं नाही. कोणाचं नाव घालणार? शेजाऱ्याचं नाव विचारून घालायचं, तर तो म्हणायचा, मला कशाला कागदात अडकवतोस.

मिसेस हॉव्हलंडनी प्रश्न वाचला आणि पेन वर धरलं. जमिनीखालून हेअर ड्रायरची घरघर येत होती. मध्येच ती थांबली आणि एलिसेओ खालून ओरडला, "वेंडेल! त्या बाईंना सांग, पाय जरा उचला, तुमच्याच खाली वळण आहे!"

त्यांनी पाय उचलले. मी "एलिसेओ" म्हणालो, ते पाय खुर्चीवर घेऊनच लिहिलं.

"आडनाव?"

मला त्याचं आडनाव माहीत नव्हतं. दोन महिने झाले होते. माणसाने माझ्या घराला घागरा घातला, त्याच्या बायकोच्या पाठदुखीपर्यंत सगळं मला ठाऊक, आणि आडनाव नाही. मी गुडघ्यावर बसून जमिनीला विचारलं.

"ट्रेव्हिन्यो!" जमीन म्हणाली. "का? पकडायला आलेत?"

अर्दिसबाईंनी स्वतःचं नाव कोणी न विचारता सांगितलं, फोन नंबरासकट. "आणि लिही की मी पहाटे चारला उठते, म्हणजे पोरीला शाळेच्या बसला उशीर होणार नाही."

"तेवढी जागा नाही, बाई."

"मग मागे लिही."

मिसेस हॉव्हलंडनी पान उलटलं.

शेरा

सव्वातीन. साडेतीन. त्यांनी पाण्याच्या रकान्यात 'बंद'वर खूण केली, हातमोजे घातले. पेन पिशवीत टाकलं. उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं, आणि त्या काय बोलणार ते मला कळलं. त्यांचं तोंड उघडण्याआधी सिंकमध्ये कोणीतरी शिंकलं.

नळ. मग एक थुंकी, तपकिरी. मग काहीच नाही. आम्ही तिघं सिंकवर वाकलो. पाईप फुटला असेल तर पाणी इथे येणार नाही, खाली एलिसेओच्या अंगावर जाईल.

खालून शांतता.

मग पाईपात एक लांब घुरघुर, आणि पाणी आलं. आधी फटफटत, मग बोटाएवढं, मग पूर्ण.

"अंगावर आलं का?" अर्दिसबाई जमिनीवर पाय आपटून ओरडल्या.

"कोरडा!" जमीन ओरडली. "माझ्या कानावरून गेलं, आवाज ऐकला! कोरडा आहे मी!"

मिसेस हॉव्हलंडनी हातमोजा काढला, पाण्याखाली बोट धरलं, फॉर्मला पुसलं. तो डाग प्रतीवरही आला आहे. 'बंद' खोडलं, 'चालू'वर खूण केली, सही केली. जाताना दारातलं बर्फाचं ढेकूळ पायाने बाहेर ढकललं आणि दार स्वतः लावून घेतलं.

फॉर्ममध्ये नसलेला रकाना

मारिट शनिवारी आली. पिशवी बिछान्यावर टाकली, भिंतीला हात लावला.

"गार आहे," ती म्हणाली.

"हो. गारच राहणार आहे. दोन पांघरुणं घे."

"बरं." एवढंच. गार भिंतीचं मी किती घेऊन बसलो होतो.

रविवारी दुपारी तिच्या नेहमीच्या फोनच्या वेळेला ती खिडकीशी बसली होती. "बाबा, ते काका पातेल्यात बर्फ का भरतायत?"

मी बाहेर पाहिलं. एलिसेओ त्याच्या दारापाशी वाकून बर्फ भरत होता. नळ रिकामे केले, असं त्याने मला सांगितलं होतं. पण पोटातल्या वळणात थोडं पाणी राहतंच. गुरुवारी सिलिंडर इकडे आणल्यावर ते वळण गोठलं होतं. तीन दिवस तो बर्फ वितळवून कॉफी पीत होता आणि एक शब्द बोलला नव्हता.

मी बूट चढवले. अंगात सगळं घातलं या वेळी. गुलाबी ड्रायर घ्यायला त्याच्या घरात शिरलो तेव्हा तो म्हणाला, "अरे, राहू दे, उद्या बघू."

"सरक," मी म्हणालो, आणि त्याच्या घागऱ्यातला पहिला गठ्ठा ओढला.

पाठीवर झोपून, तोंडावर काड पडत असताना, मला बर्फावरची पावलं ऐकू येत होती. हलकी, जपून टाकलेली. मारिट आमच्या नळाचं पाणी किटलीत भरून आणत होती, दोन्ही हातांनी धरून, आणि अर्दिसबाई त्यांच्या पायरीवरून तिला ओरडून सांगत होत्या, "सांडू नकोस गं! बापासारखं पाणी वाहा, पण बापासारखं डोकं नको!"

"किती खेपा करू, आजी?"

"करत राहा. खालचा माणूस ओरडेल तेव्हा थांब."