दगडांच्या मिरवणुकीमागची होडी

मी होडी बोलतेय. अरुंद, पिवळी, एकाच माणसापुरती. आवाज माझा बारीक, म्हणून जरा जवळ या.

मला वल्हवते ती दारिंका. तिच्या बाबांनी, त्रिपोंनी, मला पट्टी पट्टी जोडून बनवलं. ते रंधा मारायचे आणि दारिंकाचं रांगतं बाळ माझ्या पोटात झोपी जायचं. मला वाटायचं, मी पाळणाच आहे.

मग दारिंका मला घेऊन लांब निघाली. बेटामागून बेट. तरंगणारा कचरा उचलायचा, गाव लागलं की धक्क्यावर मांडायचा, म्हणायचं, "बघा, ह्याच पाण्यात आपली पोरं खेळतात." लोक टाळ्या वाजवायचे, अंजिरं द्यायचे. पण वल्हवताना ती मलाच विचारायची, "परक्यांनी ऐकलं गं. घरचे ऐकतील का?"

तिच्या गावात दर उन्हाळ्यात दगडांची मिरवणूक निघते. खाडीतल्या चिमुकल्या बेटावर देवमातेचं देऊळ आहे. बेट खचू नये म्हणून पुरुष होड्या एकमेकींना बांधून गात गात जातात आणि भोवती दगड टाकतात. बाया किनाऱ्यावर थांबतात. हल्ली दगड प्लास्टिकच्या पोत्यांतून नेतात, ज्याची त्याची खूण करून. उपडं करताना पोतं हातातून सुटलं तर सुटलं. दारिंका त्यावर बोलली, तेव्हा वासोकाका म्हणाले होते, "देवीच्या कामात खोड काढतेस? कालपर्यंत तुझं नाक मी पुसत होतो!"

दुपारी वारा पडला की पाणी इतकं शांत व्हायचं, की ढगांवरून चालल्यासारखं वाटायचं. अशाच एका दुपारी, घरचे डोंगर कधीच मागं पडलेले असताना, पांढरं काहीतरी माझ्या कुशीला लागलं. दारिंकाला वाटलं, पाखरू. ओढलं तर पोतं. त्यावर निळ्या रंगात वाकड्या शेपटीचा मासा. बाबांची खूण.

तिनं ते पिळून, घडी करून पायाशी ठेवलं. मग तिनं मला घराकडे वळवलं.

पोचलो ती मिरवणुकीचीच संध्याकाळ. होड्या बांधून तयार. पुढच्या होडीत त्रिपो.

"आलीस पोरी! बाळ आजीपाशी आहे. रोज तुला शोधतंय."

"भेटते त्याला. आधी हे बघा, बाबा." तिनं पोतं वर धरलं.

"आली मास्तरीण!" वासोकाका ओरडले. "आता दगडही धुऊन टाकायचे का गं?"

सगळे हसले. त्रिपो हसले नाहीत. त्यांनी वाकड्या शेपटीवरून अंगठा फिरवला.

"कुठं सापडलं?"

"शेवटच्या बेटाच्याही पलीकडे."

"एवढ्या लांब गेलं?"

"मीही गेलेच की, बाबा."

ऊन डोंगरमाथ्यापुरतंच उरलं. उशीर होतोय म्हणून लोक कुरकुरू लागले. त्रिपोंनी पहिल्या पोत्याची गाठ सोडली आणि एकेक दगड हातानं होडीच्या तळाशी रचायला घेतला. "वासो, तोंड चालतंय तेवढे हात चालव." हळूहळू बाकीचेही वाकले.

रिकामी पोती त्रिपोंनी माझ्यावर बांधली आणि दारिंकाला म्हणाले, "ही सांभाळ. मागून ये."

"बाई मिरवणुकीत?" कुणीतरी पुटपुटलं.

"मिरवणुकीत कुठं? मागं म्हटलं मी."

पुढं गाणं, मागं आम्ही दोघी. दगड पाण्यात उतरत होते, हळूच, जसं कुणी झोपलेलं मूल खाली ठेवावं.

आता माझ्या तळाला चीर पडलीय. लांबचं पाणी मला झेपत नाही. छपराखाली उलटी टांगलेली असते. वर्षातून त्या एका संध्याकाळी मला खाली काढतात, बेटापर्यंत अजून जाते मी.

तुम्ही कुठल्याही पाण्याकाठचे असा, हातातून काही सुटलं तर वाकून उचला. पाण्याला 'नको' म्हणता येत नाही हो. पदरात टाकाल ते घेऊन ते बिचारं चालू लागतं.