नव्या खोलीतला अलार्म

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या आपल्या घराला इशबेलने वडिलांसाठी मागच्या बाजूला एक खोली वाढवली होती. म्हातारे मर्डो शनिवारी कायमचे राहायला यायचे होते. पण नव्या बांधकामाच्या तपासणीला आलेला पालिकेचा माणूस काही मंजुरीची सही करेना.

"नव्या खोलीतला धुराचा अलार्म वाजला की घरातले सगळे वाजायला हवेत, बाई. तुमचे एकमेकांना जोडलेलेच नाहीत."

"अहो, एवढंसं घर! ऐकू येतंच की!" इशबेल म्हणाली.

"मग वर तुमच्या खोलीत जा, दार लावून घ्या. मी इथला अलार्म वाजवतो, आवाज आला की खाली या."

ती पलंगावर बसली, उठली, खिडकीशी गेली, पुन्हा बसली. काहीच ऐकू येईना. शेवटी चिडून ती खाली आली. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि कर्कश आवाजाने तिच्या कानठळ्या बसल्या.

"केव्हापासून वाजतोय हा?"

"तुम्ही वर पोचलात तेव्हापासून."

तिने लगेच वडिलांना फोन लावला. "बाबा, शनिवारी नको. आधी वायरमन येऊन जाऊ दे."

"अगं, माझी बॅग भरून झाली!"

"मग उपसा ती," ती म्हणाली.