लीलाबाई गंगेशी बोलत होत्या

अनंतराव बुवा गेले तेव्हा आमच्या गावाला वाटलं, कीर्तनातली गोडीच गेली. बुवा उभे राहायचे आणि मागे पेटीवर त्यांच्या पत्नी लीलाबाई बसायच्या. मानवतपासून पिंगळीपर्यंत या जोडप्याचं कीर्तन ऐकलं नाही असं गाव सापडणार नाही. कथा सांगता सांगता बुवा मध्येच विठ्ठलनामाचा गजर धरायचे, सगळा मंडप टाळ्या वाजवायचा, आणि मग कथा अशी पुढं सरकायची की घरी जायचं भानच राहू नये.

बुवांचं वर्षश्राद्ध झालं आणि देवळातल्या मंडळींनी लीलाबाईंना गळ घातली, यंदाच्या सप्ताहात एक दिवस बुवांच्या जागी तुम्हीच उभ्या राहा. त्या "बघते" म्हणाल्या. घरी सराव करावा तर शेजारपाजार कान लावून बसणार. म्हणून दुपारी धुणंवाल्या बायका गेल्या की त्या गोदावरीच्या घाटावर यायच्या. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मोकळ्या पायऱ्यांवर पदर खोचून त्या गंगेपुढं कीर्तन करायच्या. खांबावर कॅमेरा आहे हे त्यांना माहीत होतं. त्याला कान आहेत हे माहीत नव्हतं.

नगरपरिषदेनं गाव स्मार्ट करायला घेतलं होतं. चौकात, बाजारात, बसस्थानकात कॅमेरे बसले. घाटावरच्या कॅमेऱ्याला माइकही दिला, कुणी बुडताना हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. हे सगळं एका खोलीत येऊन पडायचं. तिथं दोघं बसायचे, इंजिनिअर सृष्टी आणि जुने कारकून किशनराव.

किशनराव म्हणजे कीर्तनाचं वेड. सप्ताह कुठंही असो, हे शेवटची एसटी चुकवून तिथंच मुक्काम करणार. त्या दुपारी सृष्टी जेवायला गेली होती. किशनरावांनी पडद्यावर लीलाबाईंना पाहिलं, कानाला हेडफोन लावला, आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. तोच बुवांचा ढंग, पण आवाज त्याहून हळवा. कथा रंगात आली आणि लीलाबाई एकदम थांबल्या. मग गंगेकडं बघून, बुवाच समोर असल्यागत हसल्या.

"बघा, मी पण विसरले! तुमी विसरायचे तवा मी पेटीचा सूर दाबून धरायची. तुमी गजर लावायचे आन् कथा आठवेपर्यंत मंडपाला टाळ्या वाजवायला लावायचे. आता मी विसरले तर माझा सूर कोण धरणार हो?"

आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला.

किशनराव रडले. मग त्यांनी तो भाग मागं नेला, हेडफोन काढून आवाज खोलीत मोकळा केला, पडद्यासमोर स्वतःचा मोबाइल धरला, आणि कीर्तनप्रेमींच्या ग्रुपवर पाठवून दिला. वर लिहिलं, 'प्रसाद घ्या, मंडळी.' हातात आलेला प्रसाद एकट्यानं खायचा नसतो, एवढंच त्या भल्या माणसाच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात एकच चर्चा.

"म्हणजे गजर लागला की समजायचं, बुवा अडकले!"

"आन् आपण येड्यावानी टाळ्या वाजवायलो!"

हसणं प्रेमाचंच होतं, पण हसणं होतं. लीलाबाई भाजी घ्यायला गेल्या तर भाजीवाली म्हणाली, "काकू, लय भारी बोलल्या हो तुमी घाटावर." त्या पिशवी तिथंच ठेवून घरी आल्या. देवळात निरोप गेला, सप्ताहात मी उभी राहणार नाही.

इकडं सृष्टीनं ते चित्रण पाहिलं आणि पडद्याची कड बघूनच ओळखलं.

"काका, हे आपल्या खोलीतून गेलंय."

"वाईट काय हाय त्यात, पोरी? देवाचंच नाव हाय."

"बाहेरच्या चोरांसाठी पासवर्ड आहे, कुलूप आहे, सगळं आहे. तुमच्या मायेला मी कोणतं कुलूप लावू?"

किशनराव हसायला गेले, पण हसू आलं नाही. "पुसून टाकतो," ते म्हणाले.

"तुमच्या मोबाइलमधून पुसाल. पुढं गेलेलं?"

ते तरीही घरोघर हिंडले. समोर बसून लोकांना पुसायला लावलं. तिसऱ्याच घरी कळलं, चित्रण परभणीला गेलंय, तिथून पुण्याला. उधळलेला बुक्का डबीत परत कसा भरायचा? मग ते आपल्या पायानं मुख्याधिकाऱ्यांकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना त्या खोलीतून काढून पाणीपट्टीच्या खिडकीवर बसवलं. घाटावर खांबाला मदतीचं बटण बसलं. ते दाबलं तरच माइक सुरू व्हावा, अशी सोय सृष्टीनं करून घेतली.

बटण बसलं त्या संध्याकाळी किशनराव लीलाबाईंच्या दारात उभे राहिले. आत जायचा धीर होईना.

"या की. का कॅमेऱ्यातूनच बघता?" आतून आवाज आला.

ते उंबऱ्याशीच बसले. "वहिनी, मी धाडलं ते."

"ठाऊक हाय. ग्रुपवर नाव येतं."

"लोकायला लय आवडलं हो. माणसं रडली."

"रडली का हसली?"

किशनराव म्हणाले, "दोनी."

"बुवा विसरायचे हे मला ठाऊक होतं आन् माझ्या पेटीला. पुरा संसार आमी दोघींनी ते झाकलं. तुमी एका दुपारी उघडं केलं." लीलाबाईंचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "मी गंगेशी बोलत होते, किशनराव. गावाशी न्हाई."

"चुकलं, माय. चांगलं हाय ते समद्यांचंच, असं वाटायचं मला."

"चांगलं होतं म्हणूनच माझं होतं."

त्यांनी चहा दिला. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. घाटावरचा माइक बंद झाल्याचं किशनरावांनी सांगितलं, तेव्हा फक्त मान हलवली.

पुढचे काही दिवस घाट सुना होता. मग एका संध्याकाळी किशनराव बाजारातून परतताना लीलाबाईंच्या मागच्या गल्लीतून चालले होते. खिडकी लोटलेली होती. आतून पेटीचा सूर आला, पाठोपाठ आवाज. तीच कथा, घाटावर अडलेली. यावेळी ती अडली नाही. जिथं त्या थांबल्या होत्या तिथून अलगद पुढं गेली, आणि असं काही वळण घेतलं की किशनरावांचे पाय जमिनीला चिकटले.

समोरचा शिवरुद्र किराणावाला दुकान सोडून खिडकीखाली आला होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

किशनरावांनी त्याचा हात धरला. "चल, चहा पाजतो."

"अवो थांबा की किशनराव! आता खरी गोडी येयलीय. तुमी तर येडे कीर्तनाचे!"

"हाय की. पण आपल्याला बोलावणं न्हाई."

आरती झाल्याशिवाय किशनराव आयुष्यात कीर्तनातून उठले नव्हते. त्यांनी शिवरुद्रला दंडाला धरून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. मागं आवाज चढत होता. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण चहा येईपर्यंत त्यांची बोटं टेबलावर ताल धरून होती.