कॉम्प्युटरनं पास केलेलं पिंप

मित्रांनो, कोपऱ्यात पिवळ्या पडलेल्या झाकणाखाली जो जाडजूड कॉम्प्युटर दिसतो ना, तो मी. हल्ली लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवोत बापडे. माझं दुखणं वेगळंच आहे, आणि ते ऐकताना थोडी भीती वाटली तर वाटू द्या.

आनंदनगरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी ब्याण्णव साली आलो. काय माझा थाट! कामगारांना धड पंखा नव्हता, मला मात्र एसी. माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर. खंडेनवमीला मला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. गोदामातल्या माणसांचे बूट तेलकट, म्हणून त्यांनी दारातूनच हात जोडले. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला! गाढव होतो झालं.

मला शिकवलं नीलिमाने. कात्रपहून येणारी ही मुलगी प्रोग्राम लिहिण्याआधी कित्येक दिवस गोदामात स्टूल टाकून बसली. तिथल्या पिंपांतलं एक रसायन जुनं झालं की आत वायू साठायचा आणि झाकण फुगायचं. असं पिंप उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून पिंप बाहेर काढण्याआधी मी पडद्यावर विचारायचो, झाकण फुगलंय का? माझ्यापुढे बसणारा कमळाकर गोदामात जाऊन बघून यायचा आणि फुगलं नसेल तरच 'नाही'चं बटण दाबायचा. मग मी 'ओके'ची चिठ्ठी छापायचो. ती खिडकीतून हरिचंद्रच्या हातात पडायची.

हरिचंद्र चामटोलीहून सायकलवर यायचा आणि पिंपं उघडायचा. पूर्वी तो स्वतः प्रत्येक झाकणावरून हात फिरवायचा. मी आल्यावर त्याने ते सोडून दिलं. कुणी हटकलं तर हसून म्हणायचा, "आता मी कशाला बगू? कांपुटर पास करतो ना!"

पण माझ्या प्रश्नापायी माल उशिरा सुटू लागला. मॅनेजर चिंतामणी साहेब वैतागले.

"नीलिमा, हेड ऑफिस रोज माझं डोकं खातंय. एवढा पैसा ओतला, फायदा काय? तुझा हा प्रश्न काढून टाक."

"सर, प्रश्न काढला तर कॉम्प्युटर राहील, तपासणी जाईल. तपासणारा माणूस गोदामातच बसवा, मशीनही तिथेच नेऊ. महिनाभर द्या मला."

"एसी सोडून गोदामात? वेडी आहेस का?"

नीलिमाचं काँट्रॅक्ट संपलं, ते पुन्हा झालं नाही. प्रश्न काढता येणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून तो राहिला, पण बघायला जा म्हणणारं कुणी उरलं नाही. कमळाकर उन्हात कशाला जाईल? तो खुर्चीतूनच बटण दाबू लागला. पुढे त्याचाही कंटाळा आला, तेव्हा त्याने बटणावर स्टेपलर ठेवून दिला. मी विचारत राहिलो आणि स्टेपलर 'नाही फुगलं' म्हणत राहिला. बटण तसं दाबून धरलं की मी पीं-पीं ओरडायचो. एक दिवस कमळाकरने माझं झाकण उघडून आवाजाची वायरच उपटली.

चिठ्ठ्या भराभर निघू लागल्या. साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे, "बघा, आता कुठे याचा खरा उपयोग सुरू झाला!" पण गोदामाच्या मागच्या भिंतीशी एक जुनं पिंप पडून होतं. त्याची तारीख माझ्या पोटात होती. एक ना एक दिवस त्याचा नंबर लागणार, हे मला कळत होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो लागला. मी विचारलं. स्टेपलरने उत्तर दिलं. चिठ्ठी छापताना मला ओरडायचं होतं हो, पण आवाजच नव्हता. हरिचंद्रने चिठ्ठी घेतली, कमळाकरला "चाललो रे" म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने खिडकीची तावदानं खळकन फुटली.

हरिचंद्र वाचला. डोळे गेले.

पावसाळा सरल्यावर तो बायकोचा, सखूचा हात धरून माझ्या खोलीत आला. या वेळी त्याला दारात कुणी अडवलं नाही. साहेब उठून उभे राहिले, कमळाकर भिंतीला चिकटला. हरिचंद्रने चाचपडत माझ्या काचेवर हात ठेवला.

"सखू, याला डोले हायेत का गो?"

सखूने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "न्हाय. नुसती काच हाय."

"मंग यानी बगितला कसा?"



आता शेजारच्या खोलीत माझ्यापेक्षा वेगवान कॉम्प्युटर आला आहे. कालच साहेब कुणाला तरी सांगत होते, "याला प्रश्न जरा कमीच ठेवा." मित्रांनो, उद्या असे कॉम्प्युटर तुमच्याही पुढ्यात येतील. त्यांनी काही विचारलं, तर कृपा करून खुर्चीतून उठा, जाऊन बघून या आणि मगच बटण दाबा. तुम्ही जे सांगाल ते आम्ही छापतो, आणि बाहेर कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून पिंप उघडत असतं.