आत्याबाई गप्प झाल्या तेव्हा

क्रेनच्या यार्डात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एक अवाढव्य लोखंडी टाकी रस्त्याने न्यायची होती. पण ट्रेलरवर चढवायला ती जराशी उचलली, की क्रेनचा भोंगा केकाटायचा आणि क्रेन आपोआप अडायची. वजन झेपत नसलं की असं होतं. सदा कटकट करतो म्हणून ऑपरेटर मंडळी त्या भोंग्याला आत्याबाई म्हणत. मोठी क्रेन भाड्याने मिळेना, तेव्हा मालकाने चमत्कार करणाऱ्या एका बाबांना आणलं.

"यंत्रालाही मन असतं, लेकरांनो. त्याला दटावू नका, गोंजारा," असं म्हणत बाबा केबिनमध्ये चढले. गोंजारायला एकांत लागतो म्हणे, म्हणून ऑपरेटरला खाली उतरवून त्यांनी काचेआड शाल ओढली. ते मूठ मिटून बाहेर आले, ऑपरेटर पुन्हा बसला, आणि या वेळी टाकी मुकाट्याने उठून ट्रेलरवर टेकली. भल्याभल्या फिटरांनी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांच्या पायांना ग्रीस लागलं, तेवढाच काय तो प्रसाद.

गर्दीतल्या ताईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. त्या शाळेत विज्ञान शिकवत. क्रेन चालवणारा त्यांचा धाकटा भाऊ होता आणि आई गेल्यावर त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्या तडक केबिनमध्ये चढल्या. सीटखाली किल्लीचं भोक दिसलं. ते कशाला, असं विचारल्यावर भाऊ म्हणाला की दुरुस्तीच्या वेळी भोंगा आणि क्रेनचं आपोआप अडणं, दोन्ही बंद ठेवता यावं म्हणून. किल्ली मालकांकडेच असते.

ताई उतरून बाबांसमोर उभ्या राहिल्या.

"मूठ उघडा."

मूठ आशीर्वादाची असल्याचं बाबांनी बजावलं. ताईंनी सरळ त्यांची बोटं उलगडली, तर आत किल्ली. टाकी अजून हुकालाच होती. ताईंनी पुन्हा वर चढून किल्ली उलटी फिरवली, भावाला दोर ताणायला लावला, आणि आत्याबाई पुन्हा केकाटल्या.

"वजन कमी झालेलं नाही," ताई म्हणाल्या. "ते सांगणारीचं तोंड बांधलं, इतकंच. आज निभावलं ते बनवणाऱ्याने पोलादात थोडी ताकद राखून ठेवली होती म्हणून."

मग एक फिटर म्हणाला की किल्ली काय, मालकांकडे पहिल्यापासूनच होती, टाकी मात्र बाबा आले तेव्हाच उठली. माना डोलल्या. मालकाने किल्ली फिरवून भोंगा पुन्हा बंद केला आणि ती खिशात टाकली.

"उद्या उतरवायला जाऊ नकोस," ताईंनी भावाला हात जोडून सांगितलं.

"ताई, उचलली ना पण?" तो हसला. "तूच डोळ्यांनी पाहिलंस."

उतरवायच्या जागी मध्ये खड्डा होता, म्हणून क्रेनचा हात पार लांब काढावा लागला. टाकी तीच, पण आता भार कितीतरी वाढला. हे सांगणारा भोंगा बंद होता. क्रेन टाकीसकट आडवी झाली. भावाचा केबिनमध्येच जीव गेला. बाबा म्हणाले, शंकेखोर बाईची सावली पडली. लोकांना ते पटलं. ताईंच्या सांत्वनाला आलेल्या शेजारणीसुद्धा दाराबाहेरूनच बोलून परतल्या.

यार्डात नवी क्रेन आली, तिलाही बाबांचा हात लागला. शाळा सुटली की ताई भरलेली बादली घेऊन फाटकाशी उभ्या राहतात.

"ही छातीशी धरा," त्या ऑपरेटरांना सांगतात. "आता हात लांब करून धरा. बादली तीच आहे. तुमचा खांदा काय सांगतो ते ऐका, बाबांचं ऐकू नका."

कुणी हसतं, बरेचजण वाट बदलतात. आत क्रेन चालू असते आणि भोंगा वाजत नाही.