आधी वाच, मग अंगठा

मी स्टॅम्प पॅड बोलतोय. पत्र्याची डबी, आत जांभळी शाई मुरलेली गादी. शाळा मी पाहिली नाही. पण अमळनेरच्या कचेरीबाहेर माझ्यावाचून कागद हलत नसे.

वना नाना तिथं लोकांचे अर्ज लिहीत. तीस वर्षं मी त्यांच्या टेबलावर होतो. खेड्यातली माणसं एसटीच्या घाईत असत, म्हणून नाना कोऱ्या कागदावर आधी अंगठा घेत, मजकूर मागून लिहीत. माणूस सरळ. कुणाला फसवलं नाही.

त्यांची नात दिपमाला धुळ्याच्या कॉलेजात पॅरालीगलच्या कोर्सला लागली.

"वकील नही, कारकून नही. मंग तू शे काय?" नानांनी विचारलं.

"जो वकिलापर्यंत पोचत नाही, त्याला पोचवणारी."

"म्हणजे रिक्षावाली," नाना म्हणाले, आणि मला तिच्या पिशवीत घातलं.

अर्ज लिहिण्याच्या पहिल्याच सरावाला तिनं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. शिकवणाऱ्या मॅडमनी तो कागद फाडला.

"आमचे नाना असंच करतात," ती म्हणाली.

"नाना सरळ असतील. कागद उद्या कुणाच्या हाती पडेल, सांगता येतं?"

तिनं तुकडे वेचून पिशवीत टाकले. माझा तीस वर्षांचा तोरा उतरला.

पुढं एका शनिवारी कॉलेजच्या मदत केंद्रात मोगराबाई आली. सातपुड्याच्या पायथ्याची, नवरा वारलेला. त्याच्या शेतावर तिला आपलं नाव लावायचं होतं. दीर चैत्राम कागद लिहवूनच घेऊन आला होता.

"नाव चढवायचाच अर्ज शे, ताई. अंगठा घ्या, गाडी चुकी जाई."

मोगराबाईचा अंगठा माझ्यावर टेकणार, तोच दिपमालानं झाकण लावलं. कागद ओळ न् ओळ वाचला. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, यामा लिखेल शे, तुन्हा वाटा तू दीरले सोडी देस."

चैत्राम खिडकीबाहेर पाहू लागला. मोगराबाईनं हात पदराखाली घेतला. दिपमालानं नवा अर्ज लिहिला, वाचून दाखवला. तेव्हा मोगराबाईनं अंगठा असा दाबला की माझी गादी खचली.

दिवाळीनंतर सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं. उतारा घेऊन ती एकटीच आली.

"वाची दाखाड," म्हणाली. स्वतःचं नाव तिनं तीनदा ऐकलं.

आता माझा पत्रा गंजलाय. शाई ओढत नाही. तरी एक सांगतो. कुणी माझं झाकण उघडून तुमच्यापुढं धरलं, तर आधी विचारा, कागदात काय लिहिलंय. तोवर मी थांबेन.