डावं पान आजीचं

मुलांच्या विभागात पुस्तकं होती दोन हजार एकशे वीस. त्यांतली दोन हजार एकशे सहा इंग्रजी. उरलेली चौदा दोन भाषांची: डाव्या पानावर स्पॅनिश, उजव्या पानावर तेच इंग्रजीत. ती खिडकीखालच्या कप्प्यात होती. सुलेखाने ती दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा आकडा खरा वाटला नाही.

सुलेखा नागपूरची. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी डॅलसला आलेली, आणि शनिवारी अर्विंगच्या या लहानशा वाचनालयात बिनपगारी मदतनीस.

"ती चौदा जुन्या पुस्तकांच्या विक्रीत जाणार," मुख्य ग्रंथपाल मिसेस व्हिटलॉक म्हणाल्या. "वर्षभरात एकही कोणी घरी नेलेलं नाही. वाचून टेबलावर ठेवलेली पुस्तकंही आम्ही रोज मोजतो. तिथेही शून्य."

ते शून्य काही सुलेखाच्या गळी उतरेना. दर शनिवारी याच खिडकीखाली दोन्या ओफेलिया नातीला घेऊन बसलेली तिने पाहिली होती. दोन्या म्हणजे आपल्याकडे मानाने काकू म्हणावं तसं. घरी पुस्तक न्यायला कार्ड लागे, आणि कार्डाला स्वतःच्या नावाचं विजेचं बिल. दोन्या ओफेलिया राहायची भाच्याच्या घरी. म्हणजे घरी न नेण्याचं कारण समजलं. पण टेबलावरचं शून्य?

त्या दिवशी ती पुस्तकं लावायचं निमित्त करून जवळच उभी राहिली.

कविता तमालांची, म्हणजे वाफवलेल्या पुरचुंड्यांची होती. नाताळच्या आदल्या दिवशी अख्खं घर टेबलाभोवती बसून मक्याच्या पानांत पीठ बांधतं, त्याची. आजी डावं पान हलक्या आवाजात वाचे, मग नऊ वर्षांची ग्रासिएला उजवं. एका ओळीला दोघी एकदम हसल्या: काकाने बांधलेलं तमाल नेहमी सुटतं, आणि नेहमी तोच ते खातो. वाचून झालं तसं आजीने स्कार्फच्या टोकाने पुस्तक पुसलं, कप्प्यात होतं तिथेच सरकवलं आणि बोटाने रांग सरळ केली. पलीकडे बसलेल्या दोन बायकांनीही तेच केलं.

सुलेखाच्या लक्षात आलं. प्रयोगशाळेत प्लेटवर काही उगवलं नाही म्हणून जंतू नव्हतेच असं कोणी म्हणत नाही. आधी जंतू वाढवायचं माध्यम तपासतात.

"ग्रासिएला, आजीला विचार ना, वाचून झालं की पुस्तक टेबलावर का नाही ठेवत? भिंतीवर तशी पाटी आहे."

आजीचं उत्तर ऐकून पोर खुदखुदली. "आजी म्हणते, आम्ही काय गोठ्यात वाढलोय? आणि पाटी मी तिला वाचून दाखवलीय. ती म्हणते, ती पाटी बेशिस्त मुलांसाठी आहे."

सुलेखालाही हसू आलं. तिच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचे. पण हसू ओसरल्यावर तिने विक्रीचं सांगितलं. ग्रासिएलाने ते आजीला सांगितलं, आणि हसायची थांबली.

आजीने कप्प्यावर हात ठेवला. मग जे बोलली ते ग्रासिएलाने खाली मान घालून इंग्रजीत आणलं: "बाकीची पुस्तकं ही वाचते, तेव्हा मी नुसती शेजारी बसते. या चौदांमध्ये माझं पण पान आहे. ते मी देणार नाही."

सुलेखा तडक मिसेस व्हिटलॉककडे गेली. "तुम्ही मोजता तो पसारा आहे. ही माणसं पसारा करत नाहीत."

"मग काय, मोजायचा नियम बदलू?"

"नियम राहू दे. पुढचा शनिवार द्या. मोजणी तुम्हीच करा."

मिसेस व्हिटलॉकनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "एक शनिवार," त्या म्हणाल्या.

खोलीवर तिच्या रूममेटने, मृणालिनीने कपाळाला हात लावला. "तुझी पीएच.डी. बॅक्टेरियावर आहे ना? लायब्ररीशी कशाला पंगा घेतेस यार? काढून टाकतील."

"पगारच देत नाहीत, काढून काय वाचवणार?"

शनिवारी सुलेखाने खिडकीखालच्या सगळ्या बायकांना वाचलेलं पुस्तक टेबलावर ठेवायला सांगितलं आणि एकच अट घातली: जे वाचलं नाही ते टेबलावर ठेवायचं नाही. एकही नाही. दोन्या ओफेलिया फणकारली. "पोरीसमोर मी खोटं करीन?" याचं ग्रासिएलाने मोठ्या चवीने भाषांतर केलं.

पहिलं पुस्तक संपलं. सवयीने आजीचा हात कप्प्याकडे गेला.

"अब्वेला!" ग्रासिएलाने आजीला हटकलं.

आजी थांबली. खरकटं ताट पाहुण्यांसमोर ठेवावं तसं तोंड करून तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि तरीही त्याची कड टेबलाच्या कडेला जुळवलीच.

मग तिने तमालांची कविता काढली. या वेळी आवाज हलका नव्हता. वर्तमानपत्र वाचत बसलेला एक गृहस्थ वळला. "बाई, ही अमेरिका आहे. इथे इंग्रजीत वाचा."

ग्रासिएला आजीला बिलगली. आजीला शब्द कळले नसतील, पण सूर पुरेपूर कळला. तिने त्याच्याकडे बघत डावं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, प्रत्येक शब्द सुटा, ठणठणीत. मग नातीला कोपराने ढोसलं. ग्रासिएलाने उजवं पान तिच्याहून मोठ्याने वाचलं. पलीकडच्या दोघी काकाच्या ओळीला खदखदून हसल्या.

गृहस्थ मिसेस व्हिटलॉककडे गेला. त्या पुस्तकांची ढकलगाडी घेऊन टेबलाकडेच निघाल्या होत्या.

"तुम्ही काही करणार आहात का?"

"करतेय, सर," त्या म्हणाल्या. "मोजतेय."

संध्याकाळी पाच वाजता दार बंद करून त्यांनी आकडे सुलेखाला वाचून दाखवले. दिवसभरात टेबलांवर मिळालेली पुस्तकं, इंग्रजी: दोन हजार एकशे सहांपैकी एक्केचाळीस. दोन भाषांची: चौदापैकी चौदा.